महाबळेश्वरची वनवाट

संस्कृत काव्याशी ज्यांचा विद्यार्थिदशेपासून परिचय आहे, त्यांच्या मनश्चक्षूंपुढे अरण्य म्हटले की प्रथम उभे राहते ते हिमालयातील देवदारूंचे वन. आम्ही पुण्यातील शाळेत पस्तीस वर्षे संस्कृत शिकविले. रघुवंशाचा दुसरा सर्ग त्या काळात किती वेळा शिकविला असेल ह्याची गणती नाही. त्या सर्गात सिंह दिलीप राजास समोरचा देवदारू दाखवून सांगतो, की ह्या वृक्षास भगवान शंकरांनी पुत्र मानले असून पार्वतीमातेने सुवर्णकुंभाने पाणी घालून तो वाढविला आहे. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल काढली, तेव्हा तिला प्रत्यक्ष स्कंदास जखम व्हावी तसे दुःख झाले. हा भाग आला म्हणजे एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी, "सर, देवदारू दिसतो कसा?" आम्ही फळ्यावर आकृती काढून दाखवीत असू. त्यापलीकडे पुण्याच्या मुलांस दाखविण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते.

ह्याचे कारण असे, की सूचिपर्णी वृक्षांचे नैसर्गिक अरण्य महाराष्ट्रात मुळीच नाही. ज्यास आपले कवी 'सरल' म्हणतात आणि उत्तरेकडील लोक चीड म्हणतात, तो वृक्ष हिमालयाच्या पायथ्यालगतच्या डोंगरांवर वाढतो. देवदारू त्याहूनही वर, जेथे हिवाळ्यात बर्फ पडते तेथे. निमुळता आकार असल्यामुळे त्याच्यावरील बर्फ घसरून खाली पडते, आणि सुईसारख्या चिवट पानांमुळे थंडीत व कोरड्या वाऱ्यात वृक्षाचा ओलावा टिकतो. आपल्या सह्याद्रीवर बर्फ नाही. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडे. तेथे रुंद, जाड, तकतकीत पानांच्या झाडांचे राज्य. सह्याद्रीच्या अगदी दक्षिणेकडील भागात सूचिपर्णी वर्गातील एक देशी वृक्ष आढळतो. परंतु मौज अशी, की त्याची पाने सुईसारखी नसून चांगली रुंद असतात. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरूची बने पाहून पुष्कळांचा समज होतो, की हेच ते पाइन. पण सुरूचा त्या वर्गाशी संबंध नाही. त्याची जी पाने म्हणून दिसतात त्या वास्तविक बारीक हिरव्या काड्या होत.

तेव्हा पुणेकर कुटुंबास एका दिवसाच्या मजलेत, वृद्ध माणसांस व मुलांस बरोबर घेऊन, श्रम न करिता खऱ्या अरण्यातून जावयाचे असेल, तर कोणता मार्ग धरावा? आमचे उत्तर महाबळेश्वर हे आहे. वाचक म्हणतील, महाबळेश्वर कोणी पाहिलेले नाही? पाहिलेले पुष्कळांनी आहे. परंतु पॉइंट, बाजार आणि स्ट्रॉबेरी ह्यांच्या गर्दीत तेथील अरण्य फार थोड्यांनी पाहिले असावे, अशी आम्हांस शंका आहे. म्हणून गेल्या फाल्गुनात केलेल्या प्रवासाची हकीगत येथे सांगण्याचे योजिले आहे.

मंडळी एकंदर पाच. मोटार चालविणारा आमचा पुतण्या, त्याची दहा वर्षांची मुलगी, आमचे कुटुंब, आम्ही, आणि आमच्या थोरल्या वहिनी. वहिनींचे वय शहात्तर. त्या ह्या घरात आल्या त्यास चोपन्न वर्षे झाली. एवढ्या काळात घरची माणसे काशीस गेली, रामेश्वरास गेली, उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी राहून आली. पण एकत्र कुटुंबात प्रत्येक वेळी कोणीतरी मागे राहावेच लागते. कधी सासूबाईंचे पथ्यपाणी, कधी मुलांच्या परीक्षा, कधी देवघरातील पूजा. मागे राहणारे ते माणूस बहुधा वहिनीच असत, आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आता वेळ आहे, तर गुडघे साथ देत नाहीत. डोंगर चढणे त्यांस शक्य नाही. अरण्यात पायी हिंडणे तर दूरच. अशा माणसास सोपा रस्ता हाच काय तो मार्ग.

पहाटे पाचास पुणे सोडले. महाबळेश्वर येथून सुमारे १२० किलोमीटर आहे. कात्रजचा बोगदा मागे पडला, शिरवळजवळ नीरा ओलांडली, आणि खंडाळा गाव आले. हा लोणावळ्याजवळचा खंडाळा नव्हे, सातारा जिल्ह्यातील. ह्या नावाशी महाबळेश्वरचा इतिहास जोडलेला आहे. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी महाबळेश्वरचा डोंगर चढून गेला. पुढे १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांनी तेथे हवेचे ठिकाण वसविण्याचा घाट घातला, आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज ह्यांच्याकडून ती जागा घेऊन मोबदल्यात खंडाळा गाव दिले. नव्या वस्तीस 'माल्कम पेठ' हे नाव पडले. एका गावाच्या बदल्यात पाच नद्यांचा उगम गेला, असा हा सौदा!

खंबाटकीचा घाट चढून उतरले, की सुरूरपाशी हमरस्ता सोडून उजवीकडे वाईस वळावयाचे. येथून प्रवासाचा रंग पालटतो. रस्त्याच्या दोहो बाजूंस जुने वड आहेत. त्यांच्या पारंब्या, त्यांच्या सावलीत विसावलेली गुरे, आणि फांद्यांतून गाळून येणारे सकाळचे कोवळे ऊन ह्यांमुळे मोटारीचा वेग आपोआप कमी करावासा वाटतो. पूर्वी पुण्याची मंडळी रेल्वेने वाठारपर्यंत येत आणि तेथून टांग्याने वाई, पाचगणी करीत वर जात. घोडे बदलावे लागत. वाटेत मुक्काम पडे. वड त्या काळी प्रवाशाची धर्मशाळाच असत. रस्ता रुंद करण्याची गोष्ट निघाली म्हणजे पहिली गदा अशा झाडांवरच येते, हे आजचे चित्र. त्याविषयी पुढे लिहू.

वाईस आम्ही अर्धा तास थांबलो. कृष्णेच्या घाटावर रास्ते ह्यांनी १७६२ साली बांधविलेल्या ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. संस्कृताच्या अभ्यासकास वाई ही दुसऱ्या अर्थानेही तीर्थभूमी आहे. केवलानंद सरस्वतींची प्राज्ञपाठशाळा येथली. धर्मकोशाचे प्रचंड काम येथले. आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचा संसारही येथेच उभा राहिला. वहिनींनी नदीत पाय बुडविले, ओंजळभर पाणी डोक्यास लावले, आणि "आता कुठेही न्या" असे म्हणून त्या मोटारीत बसल्या.

वाईपासून पसरणीचा घाट लागतो. पायथ्याचे पसरणी गाव शाहीर साबळे ह्यांचे जन्मस्थान. घाट वळणावळणाचा असला तरी चढ सुखाचा आहे. नवख्या चालकासही भय वाटू नये असा. प्रत्येक वळणावर कृष्णेचे खोरे अधिकाधिक खाली जाते, वाईची घरे काड्यापेटीएवढी होतात, आणि पलीकडे पांडवगड डोके वर काढतो. मात्र हा डोंगर उघडा आहे. उन्हाळ्यात येथे गवत पिवळे पडते, झाडे विरळ असतात. त्याचे कारण पाऊस. महाबळेश्वरी वर्षास सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस अवघ्या वीस किलोमीटरांवरील पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक क्वचितच. आणि वाईस त्याहूनही पुष्कळ कमी. ढग जसा रिता होत जातो, तसे अरण्यही विरत जाते. आपण मात्र उलट दिशेने, उघड्या माळाकडून दाट रानाकडे, चढत जातो. त्यामुळे ह्या वाटेने येणाऱ्यास अरण्याचे दार हळूहळू उघडत असल्यासारखे वाटते.

पाचगणी लागताच नातीने आनंदाने हाक मारली, "आजोबा, ही पाहा तुमची देवदारूची झाडे!" उंच, सरळ, करड्या-हिरव्या पानांची झाडे रस्त्याकडेस ओळीने उभी होती खरी, पण तो सिल्व्हर ओक. मूळचा ऑस्ट्रेलियातील. नावात ओक असून तो ओक नव्हे, आणि दुरून भासला तरी सूचिपर्णीही नव्हे. त्याचे पान नेच्यासारखे कातरलेले असून खालून रुपेरी असते. एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन ह्या इंग्रज गृहस्थाने पाचगणी वसविली, तेव्हा देशोदेशींची झाडे आणून येथे लाविली. पाचगणीच्या पुढे डावीउजवीकडे स्ट्रॉबेरीचे मळे लागतात. ह्याच वाटेवर थोडी वाकडी वाट केली तर भिलार गाव आहे. २०१७ सालापासून ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून प्रसिद्धीस आले; घराघरांतून पुस्तके मांडलेली आहेत, कोणीही जाऊन वाचावीत. जन्मभर शाळेत घालविलेल्या माणसाने तेथे न थांबणे कठीण. परंतु त्या दिवशी आमचे लक्ष्य अरण्य होते.

वेण्णा तलावाच्या अलीकडे हवा एकदम गार झाली आणि दोहो बाजूंची झाडे जवळ आली. तलावापाशी नेहमीप्रमाणे घोडे, नावा, कणसे, आणि मोटारींची रांग. आम्ही तेथे न थांबता बाजारही टाळला आणि क्षेत्र महाबळेश्वराकडे जाणारा रस्ता धरला. हाच रस्ता पुढे आर्थर्स सीटपर्यंत जातो. पेठेपासून टोकापर्यंत सगळा मिळून बारा-तेरा किलोमीटरांचा. वाचकांस आमचे सांगणे आहे, की महाबळेश्वरी एकच गोष्ट करावयास सवड असेल, तर ह्या रस्त्याने ताशी वीस किलोमीटरांच्या वेगाने, काचा खाली करून जावे.

हे अरण्य कसे आहे? देवदारूच्या वनाच्या नेमके उलट. तेथे खोडे स्तंभासारखी सरळ, खाली सुयांचा मऊ थर, मधून लांबवर दृष्टी जाणारी. येथे खोडे वाकडीतिकडी, उंचीने बेताची, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली. वारा आणि पाऊस ह्यांनी वर्षानुवर्षे वाकविल्यामुळे त्यांचा आकार असा झाला. खोडांवर वाळलेले शेवाळ, त्यात नेचे आणि आमरी. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, गेळा ही येथील मुख्य मंडळी. रस्त्यावर फांद्या दोहोंकडून येऊन मिळाल्यामुळे मांडव झालेला. त्या मांडवाखाली फाल्गुनातील दुपारच्या उन्हातही आम्हांस शाल अंगावर घ्यावी लागली. अंजनी फुलली होती. तिची बारीक निळी-जांभळी फुले फांदीलाच चिकटून येतात, आणि सबंध फांदी कोणी निळीत बुडवून काढल्यासारखी दिसते. हिरड्यास कोवळी पालवी येत होती. मधमाश्यांचा गुंजारव एकसारखा चालू. मध हे ह्या रानाचे जुने उत्पन्न होय. महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, ते काही उगीच नव्हे.

एके ठिकाणी रस्त्याकडेस पुरेशी जागा पाहून पुतण्याने मोटार उभी केली व यंत्र बंद केले. वहिनींकरिता दार उघडून त्यांस बसल्या जागीच बाहेर तोंड करून बसविले. मोटारीचा आवाज थांबताच इतका वेळ ऐकू न आलेले सारे आवाज एकामागून एक येऊ लागले. पानांची सळसळ, कुठेतरी रानकोंबड्याचे तुटक आरवणे, आणि डोक्यावर काही खडखडले म्हणून पाहिले तो शेकरू! तांबूस पाठ, लांब झुपकेदार शेपूट. ह्या झाडावरून त्या झाडावर त्याने झेप घेतली, आणि नात टाळी वाजविण्याचेही विसरली.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, एवढी झाडे, आणि कुणी पाणी घालत नाही हो!"

वाड्यातील तुळस, प्राजक्त, अनंत ह्यांस चोपन्न वर्षे न चुकता पाणी घातलेल्या बाईचे ते बोलणे. ते ऐकताच आम्हांस सुवर्णकुंभ हाती घेतलेली पार्वती आठवली. काव्यातील तो श्लोक आम्ही कित्येक वर्षे वर्गात उलगडून सांगितला. पण त्याचा जिवंत अर्थ आमच्या घरातच घागर घेऊन वावरत होता.

वहिनींच्या प्रश्नास उत्तर मात्र त्याच रस्त्यावर थोडे पुढे मिळते. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेचे देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री ह्या पाच नद्यांचे उगम तेथे एकत्र मानलेले आहेत. हे पाणी फाल्गुनात, पाऊस जाऊन पाच महिने लोटल्यावर, येते कोठून? डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे, तो सच्छिद्र. त्याखाली काळा कातळ, तो घट्ट. पावसाचे पाणी झाडे अडवितात, पाचोळा ते जिरवितो, जांभा ते पोटात साठवितो, आणि कातळापाशी अडून ते झऱ्यांच्या रूपाने वर्षभर बाहेर येते. येथून निघालेली कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाऊन पूर्व समुद्रास मिळते. सावित्री पश्चिम समुद्रास. कोयनेच्या पाण्यावर उत्पन्न होणारी वीज महाराष्ट्रभर दिवे लाविते. म्हणजे ह्या झाडांस कोणी पाणी घालीत नाही हे खरे. उलट तीच आपणांस पाणी घालीत आहेत. आम्ही हे सांगितले, तेव्हा वहिनींनी जवळच्या जांभळास हात जोडले. गुडघ्यांमुळे पंचगंगेपर्यंत त्यांस हळूहळू, दोघांच्या आधाराने नेले, पण नेले.

देवळातून परततांना आणखी एक विचार मनात आला. प्रत्येक शुभकार्याच्या संकल्पात आपण जंबुद्वीपाचा उच्चार करतो. देवदारूचे द्वीप कोणी म्हटले नाही. आपल्या पूर्वजांनी ह्या सबंध भूमीस जांभळाचे नाव दिले. देवदारू हिमालयाचा, तो तेथे जाऊन पाहावा. ज्यांस शक्य आहे त्यांनी अवश्य पाहावा. पण पुण्याच्या मुलाने आधी जांभळाची ओळख करून घ्यावी. त्यास फळ्यावरील आकृतीची गरज नाही.

आता रस्त्याविषयी. सोप्या रस्त्याची निंदा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे असे, की अरण्यात पायीच जावे, मोटारीने अरण्याचा नाश होतो. धडधाकट माणसास हे बोलणे शोभते. परंतु हा रस्ता नसता तर आमच्या वहिनींस अरण्य ह्या जन्मी दिसले नसते, आणि त्यांच्यासारख्या कित्येक घरांतून आहेत. सोपा रस्ता ही दुबळ्यांवरील कृपा आहे. मात्र कृपेसही मर्यादा हवी. रस्ता सोपा असणे वेगळे आणि वेगाचा असणे वेगळे. वेगाकरिता रस्ता रुंद करीत गेलो, तर ज्या सावलीकरिता येथे यावयाचे तीच नाहीशी होईल; मग उरेल तो नुसता रस्ता, आणि तो तर पुण्यातही आहे. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश संवेदनशील ठरवून तेथील बांधकामांस व वृक्षतोडीस बंधने घातली. पण कायद्याचे राखण करणारा शेवटी प्रवासीच असतो. येणाऱ्यास घाई असेल तर सरकारही घाईचे रस्ते बांधील.

डोंगरही आपल्या परीने समज देतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी एका दिवसात ५९० मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट दरडींनी जागोजाग तुटला. म्हणून ऐन पावसाळ्यात कुटुंब घेऊन येण्याचे धाडस करू नये. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. शनिवार-रविवार व सुट्ट्यांचे दिवस वर्ज्य करावेत. सेवानिवृत्तांस तरी ते अवघड नाही. पहाटे निघावे, म्हणजे पसरणीच्या घाटात ऊन तापत नाही. फराळ घरचा न्यावा आणि कागद, बाटल्या घरी परत आणाव्यात. माकडांस खावयास घालू नये. त्यांचा त्यात घात आहे. अरण्यातील रस्त्यावर भोंगा वाजवू नये, गाणी लावू नयेत. निदान एकदा तरी सुरक्षित जागा पाहून यंत्र बंद करून पाव तास स्वस्थ बसावे. घरात सत्तरी ओलांडलेले, विशेषतः नेहमी मागे राहणारे माणूस असेल, तर ह्या वेळी मागे दुसऱ्याने राहावे आणि त्यांस पुढच्या बैठकीवर बसवून न्यावे. रस्ता सोपा आहे तो त्यांच्यासाठी. आपल्या घाईसाठी नव्हे.